गुणांची गळती

वैद्यकीय प्रवेशासाठी गुण वाढवायचे, असे महाराष्ट्रातल्या घराघरांत बोलले जाते. पण हे गुण नेमके कोणत्या परीक्षेचे, हा प्रश्न त्या बोलण्यात क्वचितच विचारला जातो. दहावीची टक्केवारी, बारावीचे गुण, राज्याच्या सीईटीचा निकाल, 'नीट'चा क्रमांक आणि एखाद्याने मधल्या काळात बी.एस्सी.ला नाव घातले असेल तर तिथले सत्रपरीक्षेचे गुण, असे सगळे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि ज्या आकड्यावर जागा मिळत नाही त्याच्यासाठी विद्यार्थी वर्ष खर्ची घालतो. ज्यावर जागा मिळते तो आकडा कुठून निसटतो, इकडे मात्र दुर्लक्ष होते. या प्रश्नाचा विचार नाशिकमध्ये बसून करणे विशेष उद्बोधक आहे, कारण राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा आरोग्यशास्त्रांच्या शेकडो महाविद्यालयांची परीक्षा घेणारे आणि त्यांना पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. आणि तरीही, नाशिककरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते की, हे विद्यापीठ एमबीबीएसच्या जागा वाटत नाही. ते काम मुंबईतील राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे बोलीभाषेतला 'सीईटी सेल', करतो. विद्यापीठाचे गुण सुरू होतात ते प्रवेशानंतर.

एके काळी हे चित्र वेगळे होते. दहा अधिक दोन हा शिक्षणाचा आराखडा १९७० च्या दशकात रूढ होण्यापूर्वी वैद्यकीय महाविद्यालयाचे दार 'इंटर सायन्स'च्या गुणांवर उघडत असे, आणि इंटर ही शालान्त मंडळाची नव्हे तर विद्यापीठाची परीक्षा होती. गणित घेणारे 'ए ग्रुप'चे आणि जीवशास्त्र घेणारे 'बी ग्रुप'चे, ही विभागणी त्याच काळातली असून ती बोलण्यात आजही शिल्लक आहे. नाशिकमध्ये १९२४ साली सुरू झालेले हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय आधी मुंबई विद्यापीठाशी आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याशी जोडले गेले. या शहरातल्या ज्या विद्यार्थ्याला डॉक्टर व्हायचे असे त्याला मुंबईच्या ग्रँट किंवा सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयाची, नाहीतर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागे, कारण मराठा विद्या प्रसारक समाजाने १९९० मध्ये आडगाव येथे वैद्यकीय महाविद्यालय काढेपर्यंत नाशिकमध्ये एमबीबीएसची सोयच नव्हती. त्या पिढीसाठी 'विद्यापीठातले गुण सुधारून डॉक्टर होणे' हे शब्दशः खरे होते. पुढे इंटरची जागा बारावीने घेतली, १९९० चे दशक सरता सरता बारावीच्या गुणांची जागा राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेने घेतली, आणि मग देशपातळीवरील 'राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षा', अर्थात 'नीट', आली. ती प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली, त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला, आणि त्या एका वर्षापुरती राज्यांना अध्यादेशाने सवलत मिळाल्यानंतर २०१७ पासून महाराष्ट्रातही एमबीबीएसचा प्रवेश केवळ नीटवर होऊ लागला.

आज बारावीचे काम उंबरठ्यापुरते आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण असले, आणि इंग्रजीत विद्यार्थी उत्तीर्ण असला, की बारावीचा संबंध संपतो. त्या तिन्ही विषयांत ९५ टक्के मिळवणाऱ्याला ५५ टक्केवाल्यापेक्षा गुणवत्ता यादीत तसूभरही वरची जागा मिळत नाही. ज्यांचे गुण या उंबरठ्याखाली राहिले त्यांच्यासाठी राज्य शिक्षण मंडळाची 'गुणसुधार योजना' आहे, तिच्यात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी लगतच्या ठरावीक परीक्षांना सर्व विषयांसह पुन्हा बसू शकतो. ही योजना त्यांच्यापुरती मोलाची. पण उंबरठा आधीच ओलांडलेला विद्यार्थी ८२ चे ८८ टक्के करण्यासाठी तिच्यात अडकला तर नीटचे महत्त्वाचे महिने त्याच्या हातून जातात. बी.एस्सी.चेही तसेच. वर्ष वाया जाऊ नये म्हणून गंगापूर रोडवरील केटीएचएम किंवा कॉलेज रोडवरील आरवायके महाविद्यालयात नाव घालून नीटची तयारी करणारे विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु तिथल्या सत्रपरीक्षेत मिळालेली उत्तम श्रेणी एमबीबीएसच्या यादीत कुठेही मोजली जात नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी आरंभीच पक्के समजून घेतलेले बरे.

नीटचे गुणही स्वतःपुरते फारसे बोलत नाहीत, बोलतो तो क्रमांक. परीक्षेत १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असतात. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी ७२० गुण होते, तर २०२५ ची प्रश्नपत्रिका इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. म्हणून शेजारच्या घरातल्या ताईला दोन वर्षांपूर्वी किती गुणांवर जागा मिळाली, या माहितीचा यंदाच्या विद्यार्थ्याला उपयोग होत नाही. तिचा क्रमांक काय होता, हे विचारले तर मात्र होतो. दुसरा गैरसमज 'पात्र' या शब्दाचा. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थी ५० वा पर्सेंटाइल गाठला, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पुढे गेला, की पात्र ठरतो. २०२५ मध्ये हा पात्रतेचा आकडा ७२० पैकी १४४ इतका खाली होता आणि परीक्षा दिलेल्या सुमारे २२ लाखांपैकी १२ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले, तर देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपासच होत्या. 'नीट पास झाला' असे पेढे वाटून सांगणाऱ्या आणि नंतर तीन महिने यादीकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांचे दुःख या एका शब्दाच्या चुकीच्या अर्थातून जन्मते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा देशपातळीवर भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. राज्याच्या या वाट्यात पूर्वी विभागनिहाय ७०:३० अशी वाटणी होती आणि नाशिक 'उर्वरित महाराष्ट्रा'त मोडे, परंतु २०२० मध्ये ती वाटणी रद्द झाल्यापासून नाशिकचा विद्यार्थी लातूर, नागपूर आणि मुंबईच्या विद्यार्थ्यांसह एकाच रांगेत उभा असतो.

आता मूळ प्रश्न असा की पहिल्या प्रयत्नात ४७० च्या आसपास अडकलेला विद्यार्थी पुढे कसा सरकतो. यावर सर्वत्र मिळणारे उत्तर 'अजून जास्त अभ्यास' हे असते, आणि ते उत्तर अपुरे आहे. ज्या मुलाने किंवा मुलीने दोन वर्षे दिवसाला दहा तास अभ्यास केला आहे, तिच्याकडून बारा तास करून घेतल्याने मडके अधिक भरत नाही, कारण मडक्याला भोक आहे. गळती शोधायला हवी. ती शोधण्याचे साधन विद्यार्थ्याच्या हातातच असते, आणि ते म्हणजे त्याने सोडवलेल्या सराव परीक्षांच्या चुकलेल्या उत्तरांचा ढीग.

अशा एका सराव परीक्षेचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, विद्यार्थ्याने १८० पैकी १८० प्रश्न सोडवले, त्यांतील १३० बरोबर आले आणि ५० चुकले. बरोबर उत्तरांचे ५२० गुण झाले, त्यांतून ५० वजा झाले, हाती राहिले ४७०. आता या ५० चुका एकेक करून तपासल्या तर बहुधा असे आढळते की त्यांतल्या १५-२० प्रश्नांचा विषयच विद्यार्थ्याला येत नव्हता आणि तिथे त्याने अंदाजाने गोळा रंगवला होता. १५-२० प्रश्नांचा विषय त्याने वाचला होता पण ऐन वेळी आठवला नाही किंवा दोन पर्यायांत घोटाळा झाला. आणि उरलेल्या दहा-पंधरा प्रश्नांची उत्तरे त्याला ठाऊक होती, तरीही चुकली, कारण प्रश्नात 'अयोग्य विधान निवडा' असे म्हटले होते आणि त्याने योग्य विधान निवडले, किंवा गणितात एकक बदलायचे राहिले, किंवा उत्तरपत्रिकेवर ९७ चा गोळा ९८ समोर रंगवला गेला. या तिन्हींवरचे औषध वेगवेगळे आहे. जे येतच नाही ते प्रश्न परीक्षेत कोरे सोडले, तर त्या १५-२० प्रश्नांपायी जाणारे १५-२० गुण नवे काहीही न शिकता परत येतात. येत असून चुकलेल्या प्रश्नांची किंमत त्याहून मोठी, कारण तिथे मिळायचे चार जातात आणि वर एक वजा होतो, म्हणजे एका चुकीमागे पाच गुणांचा फरक पडतो. असे १२ प्रश्न सावरले तर ६० गुण होतात. ४७० वरचा विद्यार्थी पुस्तकाचे एकही नवे पान न उघडता साडेपाचशेच्या घरात पोहोचतो, तो असा. आठवण दगा देते त्या प्रश्नांसाठी मात्र वाचनाचीच वाट आहे, आणि त्यासाठी चुकांची एक वही लागते.

या वहीचे पान साधे असावे. डावीकडे प्रश्न कुठल्या परीक्षेतला आणि कितवा, त्यापुढे चूक कोणत्या जातीची, त्यापुढे एनसीईआरटीच्या पुस्तकातले पान, आणि शेवटी तो प्रश्न पुन्हा सोडवल्याच्या तारखा, तीन दिवसांनी, पंधरा दिवसांनी आणि महिन्याने. प्रश्न तिन्ही वेळा बरोबर आला की त्यावर रेघ. एनसीईआरटीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची ही पुस्तके नीटच्या जीवशास्त्राचा पाया आहेत, आणि त्यांतल्या आकृतीखालच्या ओळीवर, तक्त्यातल्या एका नोंदीवरही प्रश्न येतो. राज्य मंडळाची बारावी चांगल्या गुणांनी पार केलेल्या विद्यार्थ्याने ही पुस्तके ओळीने वाचलेली नसतात, तेव्हा त्याची पहिली गळती इथेच सापडते. जीवशास्त्राचे ३६० गुण म्हणजे निम्मी परीक्षा, शिवाय दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण सारखे आले तर क्रमांक ठरवताना आधी जीवशास्त्र, मग रसायनशास्त्र, मग भौतिकशास्त्राचे गुण पाहतात, आणि तेही सारखे असतील तर चुकीच्या उत्तरांचे प्रमाण कमी असलेला पुढे जातो. बेसुमार गोळे रंगवणाऱ्याला हा नियमही मागे ढकलतो.

भौतिकशास्त्राची गळती वेगळ्या कारणाने होते, आणि महाराष्ट्रात ती अधिक दिसते. इथे अकरावीला जीवशास्त्र घेताना गणित सोडण्याची मुभा आहे आणि 'डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला' या समजुतीने असंख्य विद्यार्थी ती घेतात. परिणामी घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि आलेखाचा उतार या गोष्टी दहावीच्या पातळीवर थांबतात, तर भौतिकशास्त्र त्या सगळ्या गृहीत धरून पुढे चालते. एक उदाहरण पुरेसे आहे. ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढा, असा प्रश्न येतो. सूत्र सर्वांना पाठ असते: प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले तरंगलांबी. गणिताची सवय मोडलेला विद्यार्थी ६.६३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात येथून सुरुवात करतो, त्याला ३ गुणिले १० च्या आठव्या घाताने गुणतो, नॅनोमीटरचे मीटर करतो, ज्यूलचे इलेक्ट्रॉन-व्होल्ट करतो, गणकयंत्र नसल्यामुळे कच्च्या कामाचा अर्धा रकाना भरतो आणि चार मिनिटांनी घातात एकाची चूक करून बसतो. ज्याने या स्थिरांकांचा गुणाकार या एककांत १२४० येतो हे एकदा स्वतः करून पाहिले आणि लक्षात ठेवले, तो १२४० ला ६२० ने भागतो आणि दहा सेकंदांत दोन हे उत्तर लिहितो. दोघांचे भौतिकशास्त्राचे ज्ञान सारखेच आहे. पहिल्याला लागते ती रोज अर्धा तास अंकगणिताची तालीम. आठवी ते दहावीची गणिताची पुस्तके पुन्हा काढायला लाज वाटण्याचे काही कारण नाही.

तिसरी गळती भाषेची, आणि तिच्याबद्दल फार थोडे बोलले जाते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी नाशिकमध्ये अकरावी विज्ञानाला येतो तेव्हा अध्यापन एकदम इंग्रजीत सुरू होते. दहावीला त्याने 'तंतुकणिका' उत्तम समजून घेतलेली असते, 'हरितलवक' आणि 'आंतर्द्रव्यजालिका' यांची आकृती तो डोळे मिटून काढतो; पण फळ्यावर 'मायटोकॉन्ड्रिया', 'क्लोरोप्लास्ट', 'एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम' असे शब्द येतात, आणि आपल्याला माहीत असलेलीच ही गोष्ट आहे हे कळायला त्याला महिने लागतात. या महिन्यांत तो स्वतःला मंद समजू लागतो, ही सर्वांत मोठी हानी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, तिच्यात इंग्रजी मजकूर सोबत असतो आणि भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. म्हणून केवळ मराठीवर विसंबणे धोक्याचे आणि मराठी टाकून देणे अन्यायाचे. दहावी संपल्यावर जून येईपर्यंत जी सुट्टी असते, तिच्यात दहावीच्याच विज्ञानाच्या पुस्तकातील पारिभाषिक शब्दांसमोर त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द लिहून काढले, तर अकरावीचे पहिले सत्र वाचते. मराठी माध्यमाच्या शाळांनी एप्रिल-मे महिन्यांत एवढे एक काम हाती घेतले तर जिल्ह्यातल्या शेकडो मुलांचे भले होईल. नाशिक जिल्हा परिषदेने ग्रामीण व आदिवासी भागांतील विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी सुरू केलेला 'सुपर ५०' उपक्रम, किंवा इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी 'महाज्योती' संस्था देत असलेले मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, या सोयी अशा मुलांसाठीच आहेत. त्यांची माहिती वेळेत पोहोचत नाही, आणि अर्जाची मुदत सरल्यावर पोहोचलेली माहिती निरुपयोगी असते.

पुन्हा प्रयत्न करायचा की नाही, हा निर्णय घरात भावनेच्या भरात होतो. नियमाने प्रयत्नांना मर्यादा नाही आणि वयाची कमाल अटही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे दार कायम उघडे दिसते. पण उघड्या दारासमोर चार-चार वर्षे उभे राहणे तरुण जिवाला सोसतेच असे नाही. निर्णयाचा आधार चुकांच्या वहीत मिळतो. शेवटच्या चार-पाच सराव परीक्षांत बहुतेक चुका येत असून झालेल्या किंवा आठवणीच्या असतील, तर एक वर्ष नीट नियोजनाने दिल्यास फरक पडण्याची आशा सबळ असते. चुकांचा मोठा भाग विषय मुळातच न समजल्याचा असेल आणि आधी एक वर्ष पुनर्प्रयत्नात गेलेही असेल, तर बीडीएस, बीएएमएस, बीपीटीएच किंवा परिचर्येची पदवी यांचा विचार मोकळ्या मनाने करावा. यांतल्या बहुतेकांना नीटचेच गुण लागतात, परिचर्येसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, शहरात दंत आणि होमिओपॅथीची महाविद्यालये आहेत, आणि तिथून बाहेर पडून रुग्णांचा विश्वास मिळवलेले वैद्य व डॉक्टर नाशिकच्या गल्लोगल्ली आहेत. पुनर्प्रयत्नाच्या वर्षात सराव परीक्षा शक्यतो दुपारी २ ते ५ या वेळेत द्याव्यात, कारण खरी परीक्षा मे महिन्याच्या ऐन उन्हात त्याच वेळी असते आणि जेवणानंतरच्या सुस्तीत सलग तीन तास डोके चालवणे हीदेखील सवयीची बाब आहे. रात्री सात तास झोप घेणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नये. दिवसभर वाचलेले झोपेत पक्के होते. आणि त्या वर्षात आई-वडिलांनी जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर हे दाखले आधीच तयार ठेवावेत, कारण गुणांनी मिळवलेली जागा कागदाअभावी गेल्याचे दुःख गुण कमी पडल्याच्या दुःखापेक्षा जास्त जाळते.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, आणि त्या पदवीतील सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी, म्हणजे 'जीपीए', ही 'एमकॅट' या प्रवेश परीक्षेइतकीच महत्त्वाची असते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी तिथे वेगळी काढली जाते. एखाद्या विषयात कमी श्रेणी मिळाल्यावर तो पुन्हा घेतला, तरी एमडी महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात दोन्ही वेळच्या श्रेणी मोजतात; ऑस्टिओपॅथी महाविद्यालयांच्या अर्जात पूर्वी नवी श्रेणी जुनीची जागा घेत असे, ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. म्हणून तिथला विद्यार्थी पहिल्या वर्षी घसरला तर पुढच्या तीन वर्षांचा चढता आलेख दाखवतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर पदवीनंतर वर्ष-दोन वर्षांचे विज्ञानाचे जादा अभ्यासक्रम पुरे करतो. कॅनडातील काही विद्यापीठे सर्व वर्षांऐवजी उत्तम किंवा अलीकडच्या वर्षांच्या श्रेणींना महत्त्व देतात. न्यू जर्सीतल्या भाचीला मामाने नाशिकहून 'कॉलेजकडे दुर्लक्ष कर, प्रवेश परीक्षेवर भर दे' असा सल्ला दिला, तर तो प्रेमाने दिलेला पण तिला बुडवणारा सल्ला ठरेल.

नाशिकच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे गुण भेटतात ते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, आणि ही भेट अनेकांना धक्का देणारी असते. लाखोंच्या गर्दीतून वर आलेला, शाळेपासून कधीही पहिल्या तिनांखाली न उतरलेला मुलगा शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तीन विषयांपैकी एखाद्यात नापास होतो. जून १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नियमांनुसार होतात. उत्तीर्ण होण्याची रेषा ५० टक्क्यांवर असते, आणि दोन प्रश्नपत्रिका असलेल्या विषयांत ती ४० वर आणण्याचा २०२३ मधला निर्णय काही आठवड्यांतच मागे घेतला गेला. परीक्षेला बसण्यासाठी व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते, शिवाय वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनातही ठरावीक गुण असावे लागतात. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारपेक्षा अधिक संधी नाहीत. पुरवणी परीक्षेतही राहिला तर विद्यार्थी आपल्या तुकडीबरोबर दुसऱ्या वर्षात जात नाही, मागून आलेल्या तुकडीत बसतो.

पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट पीजी' परीक्षा २०० प्रश्नांची आणि ८०० गुणांची असते आणि तिथे एमबीबीएसचे गुण धरत नाहीत, म्हणून ज्येष्ठ विद्यार्थी नव्यांना 'फक्त पास हो' असे सांगतात. हा सल्ला अर्धा खरा आहे. पदव्युत्तर परीक्षेत विचारले जाते ते याच विषयांतून, आणि परदेशात उमेदवारी करायची झाली तर विद्यापीठाची गुणपत्रके आणि महाविद्यालयाने दिलेले मूल्यमापन मागितले जाते; अमेरिकेच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाल्यावर या कागदांकडे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष जाऊ लागले आहे.

पहिल्या वर्षी गुण का जातात, याचे कारण प्रवेश परीक्षेतच दडलेले असते. दोन-तीन वर्षे ज्याने केवळ गोळे रंगवले, त्याचा हात लिहायचे विसरलेला असतो. चार पर्यायांतून उत्तर ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः उभे करणे, या दोन निराळ्या शक्ती आहेत. शरीररचनाशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, म्हणजे 'ब्रेकियल प्लेक्सस', आकृतीसह लिहा असे येते; विद्यार्थ्याने ते शवविच्छेदनगृहात पाहिलेले असते, पर्याय दिले तर तो अचूक निवडेल, पण पेन्सिल हातात घेतल्यावर कोणती फांदी कुठून फुटते हे त्याला काढता येत नाही. नापास झालेल्या अनेकांना पुरवणी परीक्षेआधीच्या थोड्या आठवड्यांत सावरते ते रोजचे काढणे. वसतिगृहाच्या खोलीत सकाळी उठल्याबरोबर, पुस्तक न उघडता, जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर: पाच मुळे, तीन खोडे, सहा फाटे, तीन दोर, पाच शाखा. पहिल्या दिवशी मधला दोर विसरतो, तिसऱ्या दिवशी एक फाटा भलतीकडे जातो, आठव्या दिवशी आकृती तीन मिनिटांत पुरी होते आणि नावे लिहायला दोन मिनिटे उरतात.